आमच्या लेकीबाळींचं नाव घेऊन

(महिला मंडळांच्या शिबिरात सकाळच्या सत्रात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

आज दुपारी आपल्याला एका निवेदनाबद्दल भूमिका ठरवायची आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या आपल्याच एका महिला मंडळानं ते पाठवलं आहे. त्यांच्या वसाहतीशेजारच्या मोकळ्या भूखंडावर प्रकल्पग्रस्तांसाठी इमारती उभ्या राहणार आहेत. तिथल्या सोसायट्यांचा त्याला विरोध आहे, आणि विरोधाच्या निवेदनावर आपल्या संघटनेचंही नाव असावं अशी मंडळाची विनंती आहे. हे मंडळ परकं नाही. मारहाणीची केस आली की रात्री दहा वाजता पोलीस ठाण्यात येऊन बसणाऱ्या बायका त्यात आहेत. त्यांना ‘नाही’ म्हणणं सोपं नाही. म्हणूनच कार्यकारिणीनं मला सांगितलं की तू वस्त्यांमध्ये काम करतेस, तूच विषय मांड.

निवेदनात सहा मुद्दे आहेत. पाणी, लोकलची गर्दी, शाळा-दवाखाने, झाडं, अरुंद रस्ता हे पाच. सहावा असा आहे: ‘वसाहतीतील महिला व मुलींची सुरक्षितता धोक्यात येईल.’ माझं बहुतेक बोलणं या सहाव्याबद्दल आहे. पण आपल्यातल्या पुष्कळजणी मुंबईबाहेरून आल्या आहेत, तेव्हा आधी थोडं त्या शहराबद्दल बोलते.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्यातली ५२ लाख माणसं, म्हणजे शंभरातली जवळजवळ ४२, झोपडपट्टीत राहत होती. ही सगळी बेकार माणसं नव्हेत. कामावर जाणारी, शहर चालवणारी माणसं आहेत. पगार साठवून त्यांना याच शहरात घर घेता येत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. बिल्डरनं झोपडीवाल्यांना फुकट घर बांधून द्यायचं आणि त्या बदल्यात मिळालेल्या जादा बांधकामाची घरं बाजारभावानं विकायची, अशी ती योजना. फुकट घराचा आकार आधी २२५ चौरस फूट होता, मग २६९ झाला, आणि २०१८ च्या नियमावलीत ३००. ज्यांची घरं रस्त्यासाठी, रेल्वेसाठी, नाल्यासाठी, जलवाहिनीसाठी पाडली जातात, ते प्रकल्पग्रस्त. त्यांना तिथल्या तिथे घर मिळत नाही, दुसरीकडे नेलं जातं. त्यातल्या फार मोठ्या संख्येला मानखुर्द आणि गोवंडीकडे नेलं गेलं. म्हणजे एम-पूर्व वॉर्डात, जो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ वॉर्डांमध्ये सर्वांत तळाला होता. गरिबांना तळाला नेऊन ठेवलं, तेव्हा शहरात कुणी निवेदन काढलं नाही.

आता इतर उपनगरांची पाळी आली, आणि निवेदनं सुरू झाली. मुलुंड पूर्वेला प्रकल्पग्रस्तांसाठी ७,४३९ घरांची योजना आली तेव्हा २०२३ मध्ये तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले. २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्विकासासाठी कुर्ल्याच्या डेअरीची साडेआठ हेक्टर जमीन देण्याचा निर्णय झाला, तिथल्या लोकांनी झाडांसाठी आणि बागेसाठी आंदोलन केलं. त्याच वर्षी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची मिळून सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन आणि देवनार कचराभूमीची १२४ एकर जमीन याच कामासाठी देण्याचे निर्णय झाले.

हा विरोध फक्त टॉवरवाल्यांचा असतो असं मात्र समजू नका. २०२१ मध्ये म्हाडानं टाटा कर्करोग रुग्णालयाला करीरोड भागातली शंभर घरं दिली होती. गावोगावहून उपचारासाठी आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक फुटपाथवर झोपतात, त्यांच्यासाठी. त्याच इमारतींतल्या रहिवाशांनी विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली. शेवटी घरं भोईवाड्यात द्यायचं ठरलं. हा गिरणगावचा भाग आहे. ज्यांच्या आईवडिलांनी एका खोलीत दहा-दहा माणसांना गावाकडून आणून ठेवलं, त्यांची ही पुढची पिढी. घर मिळालं की माणूस दार लावून घ्यायला किती लवकर शिकतो!

आता निवेदनातले पहिले पाच मुद्दे. ते खोटे नाहीत, आणि ‘हे मध्यमवर्गीयांचे चोचले’ असं म्हणून मी ते उडवून लावणार नाही. संध्याकाळी त्या स्टेशनच्या जिन्यावर मी स्वतः चेंगरले आहे. सात हजार घरं म्हणजे तीस-पस्तीस हजार माणसं. एवढी माणसं एका रस्त्यावर आणून टाकायची आणि शाळेची एक खोली वाढवायची नाही, हा सरकारी कारभार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ही माणसं शहराबाहेरून येणार नाहीत. ती याच शहरात राहतात, आजही याच महापालिकेचं पाणी पितात. कुणी नळाचं, कुणी टँकरचं, कुणी हंड्याला पैसे मोजून. वस्ती अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही, असं २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, तेही लोक भांडले म्हणून. तेव्हा शहराचं पाणी वाढत नाही की कमी होत नाही; वाढतो तो एका जागचा भार, आणि त्याची सोय करणं हे पालिकेचं काम आहे. दुसरी गोष्ट, त्याच वसाहतीच्या पलीकडच्या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत तीन मोठे टॉवर झाले. प्रत्येक घरामागे दोन गाड्यांची जागा. पाण्याचा मुद्दा तेव्हा कुणाला सुचला नाही.

सहाव्या मुद्द्यासाठी मी त्या वसाहतीत जाऊन आले. एका सोसायटीच्या गच्चीवर सभा होती. पुढच्या खुर्च्यांवर सेक्रेटरी, खजिनदार, एक निवृत्त अधिकारी, सगळे पुरुष. बायका मागे. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, आमचा गरिबांना विरोध नाही. पण आमच्या लेकीबाळी आहेत.” मी मागच्या खुर्च्यांकडे वळले आणि लेकीबाळींनाच विचारलं, तुम्हाला आज इथे कुठे भीती वाटते? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कॉलेजला जाणारी एक मुलगी म्हणाली, “त्या प्लॉटच्या कडेनं.” त्या भूखंडाला पत्र्याचं कुंपण आहे, दिवे नाहीत, रात्री आठनंतर तिथे दारू पिणारे बसतात. क्लासहून येताना मुली रिक्षा करतात, नाहीतर वडिलांना स्टेशनवर बोलावतात. दुसरी एक बाई म्हणाली, “लिफ्टमध्ये.” एवढंच म्हणाली. कुणाबद्दल ते तिनं सांगितलं नाही, पण लिफ्टमध्ये झोपडपट्टीतला माणूस नसतो.

तेव्हा ज्या जागेची मुलींना आज भीती वाटते, ती जागा रिकामी आणि अंधारी ठेवा, असं हे निवेदन म्हणतं, आणि तेही मुलींच्या नावानं.

मी सभेत पुढचा प्रश्न विचारला. येणार आहेत ती माणसं कोण? कुणी म्हणालं गर्दुल्ले, कुणी म्हणालं बांगलादेशी, एकजण म्हणाले “तसले लोक.” मी विचारलं, तुमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी कुठे राहतात? कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. “नाल्याकडे कुठेतरी.” बारा वर्षं ज्यांच्या हातचं जेवतो त्यांचा पत्ता ‘कुठेतरी’. तो नाला रुंद होणार आहे. नाल्याकाठची घरं जाणार आहेत. शेजारच्या भूखंडावर ज्या इमारती होणार त्या अशाच कुटुंबांसाठी. म्हणजे रोज सकाळी सात वाजता ज्यांच्या हाती घराची किल्ली देऊन आपण नोकरीला जातो, पोटची मुलं ज्यांच्या अंगावर सोडून जातो, त्याच बाईनं रात्री पलीकडच्या इमारतीत झोपायला आलं की आपल्या मुली असुरक्षित होतात. मैत्रिणींनो, हे कसलं गणित आहे? मी हे म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या, आणि सेक्रेटरींनी चहा मागवला.

आपल्या सल्ला केंद्राची नोंदवही आपण सगळ्या वाचतो. तिच्यात वस्तीतली बाई आहे तशी बाराव्या मजल्यावरची बाईही आहे. मारणारा नवरा आहे, छळणारा दीर आहे, मुलीच्या अंगाला हात लावणारा काका आहे, शिकवणीचे सर आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या शंभर गुन्ह्यांपैकी नव्वदांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. हे आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. चाळीस वर्षं स्त्रियांच्या चळवळीनं हेच तर सांगितलं, की धोका बहुतेक वेळा उंबऱ्याच्या आत असतो. मग आपण कोणत्या तोंडानं ‘बाहेरच्यापासून आमच्या स्त्रियांचं रक्षण’ या वाक्याखाली सही करायची? हेच वाक्य उद्या एकटीनं राहणाऱ्या मुलीला भाड्यानं घर नाकारताना वापरतात, घटस्फोटितेला वापरतात, मुसलमान कुटुंबाला वापरतात. वाक्य एकच, गेटबाहेर ठेवायची माणसं तेवढी बदलतात.

आणि ज्या येणार आहेत, त्याही बायकाच आहेत. त्यांच्या लेकीबाळी आहेत. त्यांची सुरक्षितता कोणत्या निवेदनात आहे?

इथे मला जरा थांबून दुसऱ्या बाजूबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्याला वाटतं की वस्तीतल्या बायका या नव्या घरांची वाट बघत बसल्या आहेत. तसं नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या २०१७ पासून पाडल्या गेल्या आणि तिथल्या हजारो लोकांना माहुलला नेलं. माहुलला शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. तिथल्या हवेचा लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच म्हटलं होतं. तरी नेलं. मुलांच्या अंगावर चट्टे, म्हाताऱ्यांना दमा, आणि कामाची घरं सगळी विद्याविहार-घाटकोपरकडे. पहाटे पाचला निघून दोन बस बदलून चार घरची भांडी करायची आणि अर्धी कमाई तिकिटात घालायची, हा हिशोब बायकांना जमेना. कामं सुटली. २०१८ च्या शेवटी या बाया विद्याविहारला जलवाहिनीच्या कडेला फुटपाथवर जाऊन बसल्या. ‘जीवन बचाव आंदोलन’ असं त्याचं नाव. महिनोन्महिने बसल्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिन्याला पंधरा हजार रुपये भाडं आणि पंचेचाळीस हजार अनामत द्या. पक्कं घर नाकारून बाई फुटपाथवर बसते तेव्हा तिला काय हवं असतं, हे सरकारनं एकदा तरी विचारायला हवं होतं.

मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंड आहे. इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथल्या आणि आसपासच्या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं अभ्यास केला, तेव्हा उजेड-वारा नसलेल्या घरांचा क्षयरोगाशी संबंध दिसून आला. क्षय झालेल्या बाईचं आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. माहेरी पाठवतात. आता धारावीतल्या ज्या लोकांना अपात्र ठरवून बाहेर पाठवायचं आहे, त्यांच्यात वरच्या मजल्यावर, माडीवर भाड्यानं राहणारी कुटुंबं आहेत. माडीवर कोण राहतं? माझ्या अनुभवात तिथे विधवा, टाकलेल्या, मुलं घेऊन एकट्या राहणाऱ्या बायका पुष्कळ असतात, कारण खालची खोली त्यांना परवडत नाही. त्यांचं पापडाचं, शिवणाचं, इमिटेशनच्या दागिन्यांचं काम त्याच गल्लीत असतं. देवनारच्या कचराभूमीवर २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या जमिनीवर घर मिळालं, तर ते तिच्या कामापासून किती लांब आणि किती श्वास घेण्याजोगं, हे तिला कुणी विचारलेलं नाही.

म्हणजे चित्र असं आहे. इकडच्या बायका म्हणतात येऊ नका. तिकडच्या म्हणतात आम्हाला आमच्या कामाजवळ राहू द्या. दोघीही ‘नाही’ म्हणताहेत, आणि ज्यानं नकाशावर बोट ठेवून सात हजार घरं एका जागी टाकली, तो दोन्हीकडच्या सभेत नसतो. मग भांडण गेटच्या आतल्या आणि बाहेरच्या बायकांत लागतं. आपण सही केली तर या भांडणात आपण गेटच्या आतून उभ्या राहू. कोरडेपणानं नकार दिला तर आपल्या मंडळातल्या बायका म्हणतील, तुम्हाला गर्दीत चेंगरून बघा म्हणजे कळेल. एकीनं मला फोनवर म्हटलंच, “ताई, तुम्हाला बोलायला काय जातं, तुमच्या खिडकीसमोर थोडीच होणार आहे ती इमारत!” खरं आहे, माझ्या खिडकीसमोर होणार नाही. पण माझ्या ऑफिसच्या दारात मात्र त्या बायका रोज येऊन उभ्या राहतात ज्यांची घरं नाल्यातून काढली आणि अजून कुठे ठरली नाहीत.

मी नाल्याकाठच्या वस्तीतही गेले होते. तिथे मंडळाच्या बायकांना घेऊन जायचा माझा विचार होता, चौघी आल्या. एकीला आपल्याच पोळ्यांच्या मावशी दारात भेटल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मावशींनी खुर्ची पुसून दिली. मग बोलणं निघालं ते संडासाचं. नव्या इमारतीतलं काय हवं, असं विचारल्यावर एकजात सगळ्या बायका म्हणाल्या, घरातला संडास. रात्री मुलीला सार्वजनिक संडासाकडे नेताना आईला बरोबर जावं लागतं, काठी घेऊन. मंडळाच्या बाई परतताना रिक्षात म्हणाल्या, “आम्ही लिहिलेला सहावा मुद्दा यांचाच निघाला की हो!” मला एवढ्या सरळ शब्दांत ते मांडता आलं नसतं.

दुसरी गोष्ट निघाली ती नावाची. पुनर्वसनाच्या नियमांत घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करायची तरतूद आहे. वस्तीतल्या निम्म्या बायकांना ते माहीत नव्हतं. सर्वेक्षणाला माणसं दुपारी येतात, बाई कामावर असते, कागदावर नवऱ्याचं किंवा दिराचं नाव पडतं. पुढे नवऱ्यानं दुसरं लग्न केलं की ही बाई आपल्या सल्ला केंद्रात येते. ही कामं आपली आहेत. घरं कुठेही होवोत, ही आत्ता करायची आहेत.

तर मी दुपारच्या सत्रात जो ठराव मांडणार आहे तो वाचून दाखवते, म्हणजे जेवताना तुम्हाला बोलता येईल.

संघटना त्या निवेदनावर सही करणार नाही. मंडळानं सहावा मुद्दा काढून टाकावा अशी विनंती करावी. त्याऐवजी भूखंडाच्या कडेला ताबडतोब दिवे आणि स्टेशनपर्यंत बस, ही मागणी दोन्हीकडच्या बायकांच्या सह्यांनी द्यावी. घरांना विरोध नाही. पण आधी शाळा, दवाखाना आणि जलवाहिनी, मग ताबा, असं लेखी वेळापत्रक पालिकेकडून मागावं. सगळी घरं एका जागी न बांधता लोकांच्या सध्याच्या वस्तीजवळ, छोट्या गटांत विभागून द्यावीत. दोन इमारतींमध्ये उजेड येईल एवढं अंतर असावं. एकट्या स्त्रियांची, माडीवर राहणाऱ्यांची वेगळी नोंद व्हावी आणि सर्वेक्षण संध्याकाळी किंवा रविवारी घ्यावं. झाडांचा मुद्दा मंडळाच्या शब्दांत जसाच्या तसा ठेवावा, तो बरोबर आहे.

मंडळाच्या अध्यक्षा इथे आल्या आहेत. त्यांचं म्हणणं माझ्यानंतर त्या मांडणार आहेत आणि ते माझ्याशी जुळणारं असेलच असं नाही. जमिनीच्या वापरात बदल करायचा असेल तर नगररचना कायद्यानुसार जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, त्याला साधारण महिन्याची मुदत असते. तेव्हा जे ठरवायचं ते आजच ठरवू. हरकतीच्या अर्जाचा मसुदा मराठीत आणि हिंदीत करून आणला आहे, मागच्या टेबलावर ठेवला आहे. नाल्याकाठच्या सात बायका दुपारी दोनपर्यंत येतील. त्यांना चारची कामं गाठायची आहेत, तेव्हा ठरावावरची चर्चा दोनलाच सुरू करावी अशी अध्यक्षांना विनंती आहे.